तव्याच्या काजळीचा अंगठा

सरांनी माझी डायरी वर्गाला दाखवली. दोन बोटांत धरून, अंगापासून लांब.

"ही पालकाची सही आहे का तव्याचं बूड?"

वर्ग हसला. मीही हसले. ते हसू मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

गंगाखेडच्या आमच्या शाळेत त्या वर्षी आठवीची नवी तुकडी निघाली होती. गणित-विज्ञान इंग्रजीत, बाकी मराठीत. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस. आमच्या वस्तीतली मी एकटीच तिथं, मार्कांवर आलेली. पालकांनी घरी रोज पाठ ऐकून डायरीत सही करायची, असा नियम होता.

माय निरक्षर. दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. पण हा नियम तिच्याइतका कुणी पाळला नसेल. संध्याकाळी चुलीपुढं मी पाठ इंग्रजीत वाचायची. ती भाकरी थापत ऐकायची. मग म्हणायची, "आता आपल्या बोलीत सांग. मला कळलं तरच अंगठा."

बाष्पीभवनाचा पाठ तीनदा सांगावा लागला.

"म्हंजी लुगडं वाळतं तसं?"

"हो माय."

मग निवलेल्या तव्याच्या बुडाला तिनं अंगठा घासला आणि डायरीत टेकवला. घरात शाई नव्हती.

तोच अंगठा सरांच्या हातात होता. "उद्यापासून इंग्रजीत सही. नाहीतर मराठी तुकडीत जा. तुमच्या घरात इंग्रजी ऐकणार कोण?"

मी घाबरले. सहा दिवस मायचं नाव मीच इंग्रजीत लिहिलं. वळणदार. सर खूश. "बघा, शिकवलं की शिकतात ही माणसं." घरी पाठ वाचणं बंद झालं.

सातव्या दिवशी मायनं डायरी मागितली. "लय दिस झाले, अंगठा घेतला न्हाईस."

मी सगळं सांगितलं. तिनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

"हे माझं नाव हाय?"

"हो."

"मी कायबी ऐकलं न्हाई. मग माझ्या नावानं खोटं कोन बोललं?"

मारलं नाही. तवा पुढ्यात ओढला. "वाच."

सहाही पाठ वाचले. सहाही सांगितले. दोन तिनं परत सांगायला लावले.

दुसऱ्या दिवशी डायरी मी स्वतःच सरांपुढं ठेवली. सहा सह्या खोडलेल्या. शेजारी सहा काळे अंगठे.

"सह्या खोट्या होत्या सर. अंगठे खरे आहेत."

"लाज नाही वाटत?"

"वाटली होती सर. सहा दिवस."

त्याच दुपारी मला मराठी तुकडीत पाठवलं. तिथल्या बाईंनी मधल्या सुट्टीत वर्षभर मला इंग्रजीतलं विज्ञान शिकवलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. त्यांच्यामुळं पदवीधर झाले, बी.एड. झाले. आज परभणीत तशाच तुकडीला विज्ञान शिकवते.

मागच्या पालकसभेनंतर संस्थेच्या सचिवांनी एक कागद पुढं केला. "अडाणी पालकांच्या मुलांची नावं लिहा मॅडम. त्यांना मराठी तुकडीत टाकू. त्यांच्याच भल्याचं आहे."

एकही नाव लिहिलं नाही. लिहिलं ते असं: माझ्या वर्गात अंगठा चालेल. पालक पाठ आपल्या बोलीत ऐकतील. पोराला सांगता आला नाही, तर चूक माझी; मी पुन्हा शिकवीन. या कारणानं एकही मूल हलवायचं असेल, तर आधी मला हलवा.

खाली सही केली. मग त्यांच्याच टेबलावरचं शाईचं पॅड ओढलं आणि सहीशेजारी अंगठा उठवला.