आईच्या पाठीमागची उशी

माझ्या आईची पाठ वाकलेली आहे, हे मी एक अख्खी दुपार पाहुण्यांपासून लपवून ठेवलं. त्याची लाज मला अजून वाटते, आणि ती वाटायलाच हवी.

आमच्याकडे बायकांच्या पाठी साठीनंतर वाकतात. आजीची वाकली, मावशीची वाकली, आणि मग मावशी न्हाणीत पडली ती खुबा मोडूनच. आईचं लुगडं आता कितीही वर खोचलं तरी पायात येतं. कोणी विचारलं की आमचं उत्तर ठरलेलं, "कापूस वेचून वेचून असंच होते." जन्मभर आईच्या बरोबरीनं वेचणीला गेलेली शेजारीण आजही ताठ चालते. ते आम्हाला रोज दिसायचं, पण त्याबद्दल कोणी बोलायचं नाही.

गेल्या वर्षी आईची कंबर फारच दुखायला लागली म्हणून यवतमाळला नेलं. एक्स-रेमध्ये मणके दबलेले दिसले. डॉक्टरांनी आजीचं, मावशीचं खोदून खोदून विचारलं आणि म्हणाले, "हाडं ठिसूळ होण्याचा कल बराचसा घराण्यातून येतो. तुम्हीही तपासून घ्या, मुलीलाही आत्तापासून काळजी घ्यायला सांगा. पण सगळं काही जन्मतःच ठरत नाही. खाणं, चालणं, व्यायाम, गरज पडली तर औषधं, यांनी पुष्कळ सांभाळता येतं." यातलं 'पण'च्या पुढचं मी ऐकलंच नाही. माझी तपासणी केली, हाडं विरळ निघाली, आणि तो रिपोर्ट मी कपाटात साड्यांखाली सरकवला. मी आर्णीला शाळेत विज्ञान शिकवते. आईबापांकडून मुलांकडे काय काय येतं ते फळ्यावर आकृती काढून समजावते. घरी मात्र तोंडाला कुलूप.

कारण मुलीचं लग्न. पुसदचा मुलगा तिला आवडला होता, दोघं रोज फोनवर बोलायचे, आणि आता त्याच्या घरचे रीतसर पाहायला येणार होते. आईची पाठ दिसली की तिकडच्या बायका मनात म्हणतील, आजीचं हे असं, उद्या नातीचंही हेच. मला खात्री होती, कारण मी स्वतः तेच केलं होतं. दिरासाठी मुलगी पाहायला गेलो तेव्हा तिची आई जरा लंगडत होती. "घराण्यात काही नाही ना?" असं गोड आवाजात विचारणारी मीच.

पाहुणे यायच्या आधी मी आईला हातांच्या खुर्चीत बसवलं, पाठीमागे जाड उशी दिली, खांद्यांवरून पदर नीट ओढला.

"माय, ते जाईपर्यंत उठू नको."

"बरं," ती म्हणाली.

पाहुणे तीन तास बसले. आईनं खुर्चीतच जेवण केलं. मुलाची आई तिच्या पाया पडली आणि म्हणाली, "आजी, आमच्याजवळ या ना बसायला." मी लगेच मध्ये पडले, "तिचे गुडघे दुखतात, राहू द्या." आईचे गुडघे ठणठणीत आहेत. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली.

गाडी फाटकाबाहेर पडली तशी मी हसत आत आले. आईला उठवायला हात दिला, तर खुर्चीची गादी ओली, लुगडंही ओलं. आई खाली पाहत होती.

"लागली होती तं सांगायचं ना!" मी तिच्यावरच ओरडले. हो, त्याही वेळी तिच्यावरच.

आवाज ऐकून मुलगी धावत आली. तिला वाटलं होतं, आजीची कंबर दुखते म्हणून ती खुर्चीत बसली आहे. मी काय सांगून बसवलं होतं ते कळल्यावर ती माझ्याकडे बघतच राहिली.

"आई, त्याले न त्याच्या घरच्यायले सगळं माहीत आहे. मी पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं. साड्यांखालचा तुझा रिपोर्टही दाखवला. आजीलेही सांगतलं होतं मी."

मी आईकडे वळले. "तुले मालूम होतं? मंग कायले बसून राह्यली इतका वेळ?"

आईनं ओला पदर पिळला आणि म्हणाली, "तू लय भेली होती ना, बाई."

चोपन्न वर्षांची मी, आणि माझी भीती सांभाळायला माझी आई ओल्या लुगड्यात बसून राहिली होती.