यमनची पाच मिनिटं

घाईचा इतका मनापासून तिरस्कार करणारा माणूस साऱ्या कोकणात दुसरा झाला नसेल, आणि या बाबतीत कोकणात चुरस काही कमी नाही. आमचे हे शेजारी तारऑफिसातून निवृत्त झालेले, म्हणून सगळी आळी त्यांना तारमास्तर म्हणे. कालचं वर्तमानपत्र ते आज वाचत. बातमी एक रात्र मुरली की तिच्यातला खोटेपणा तळाशी बसतो, असं त्यांचं म्हणणं. एकदा त्यांनी मला मांडवीच्या धक्क्यावर फिरायला बोलावलं. आम्ही पोचलो तेव्हा लोक घरी परतत होते, कारण चप्पल घालता घालता मास्तरांना एक तान आठवली होती आणि ती मला पायरीवरच उभ्याने ऐकावी लागली होती. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. घरी वाट बघणारं कोणी नसलं की माणसाला उशीर असा होतच नाही, हे मला त्यांच्याकडे बघून कळलं.

ते गाणं शिकवत, पण शिष्य टिकत नसत. यमनातल्या गंधारापर्यंत पोचायला त्यांना अर्धा तास लागे. पालकांना तेवढ्या वेळात मुलगी परीक्षेला बसवायची असे. शेवटी उरली एकटी सुलू, एसटीच्या कंडक्टरची मुलगी. नऊ वर्षं ती रोज संध्याकाळी येत होती. मास्तर दिवसभरात जे काही बोलत ते त्या दोन तासांतच.

आमच्याकडे टीव्ही नुकते आले होते. दिल्लीहून तरुणांची शास्त्रीय गायनाची स्पर्धा दाखवत. चित्रात मुंग्या फार, आणि मुंग्यांच्या पलीकडे प्लास्टिकची फुलं, शाली पांघरलेले तीन परीक्षक आणि 'संगीत की महान परंपरा' असं दर दोन वाक्यांनी म्हणणारे एक गृहस्थ. महान परंपरेला प्रत्येकी पाच मिनिटं मिळत. सुलूने परस्पर अर्ज केला, आणि दिल्लीहून बोलावणं आलं तेव्हा पत्र मास्तरांपुढे ठेवलं. मी तिथेच होतो.

"पाच मिनिटांत माझा तंबोरा लागत नाही," मास्तर म्हणाले.

"लावून नेईन, काका."

"आणि गाशील काय गो? यमनचं नाव नि पत्ता?"

"तुम्ही सांगाल ते. पण मला जायचंय. इथे माझं गाणं दोघंच ऐकतात. त्यातले हे झोपतात."

हे म्हणजे मी. खरं होतं म्हणून मला राग आला.

तीन दिवस मास्तर तिच्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी मी गेलो तर वेगळाच माणूस बसलेला. तारऑफिसच्या खिडकीत ते लोकांच्या तारा छाटून देत असत, ही त्यांची जुनी ख्याती. 'आईची प्रकृती फारच गंभीर झाली आहे तरी मिळेल त्या गाडीने त्वरित निघून यावे' असं कोणी लिहून आणलं की मास्तर चष्मा वर करत आणि कागदावर उरे, 'आई गंभीर, नीघ.' तोच चष्मा आज वर गेला होता.

"हा आलाप खोड. तो आधीच्यात येऊन गेलाय."

"ही जागा तुमची आवडती ना, काका?"

"म्हणूनच खोड. जे नको असतं तेच माणूस प्रेमाने लिहितो."

आठ दिवसांत दीड तासाचा यमन पाच मिनिटांवर आला, आणि मला प्रथमच तो जागेपणी शेवटपर्यंत ऐकता आला.

सुलू पहिली आली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे परीक्षकांतल्या वयस्कर बाईंचं पत्र आलं: इतकं नेमकं गाणं कोणी बसवलं ते कळवावं, आणि मुलीला त्यांच्याकडे राहायला, शिकायला पाठवावं. म्हणजे मास्तरांनी छाटलं इतकं सुरेख की स्वतःचीच शिष्या त्यात गेली.

"तुम्ही नको म्हणा, मी नाही जाणार," सुलू म्हणाली.

मास्तर बराच वेळ पत्राची घडी घालत राहिले. "या स्पर्धांनी गाण्याचा तोटा होतो, गाणाऱ्याचा फायदा," ते म्हणाले. "गाण्याचं मी बघतो. तू नीघ."

टीव्हीवर झळकलेल्या मुलीचे गुरू म्हणून मग आळीतले पालक रांगेने आले. पाच मिनिटांचं तेवढं शिकवा, म्हणाले. मास्तरांनी सगळ्यांना चहा दिला आणि त्याआधीची नऊ वर्षं कधीपासून सुरू करायची ते विचारलं. दुसऱ्यांदा कोणी आलं नाही.

संध्याकाळी मी जाऊन बसत असे. तंबोरा अजून सुलूच्या पट्टीत, काळी चारमध्ये लावलेला होता. मास्तरांचा आवाज तिथे पोचत नसे, म्हणून ते नुसते छेडत बसत. एकदा मी म्हटलं, "उतरवून घ्या की आपल्या पट्टीत. गा काहीतरी, मी जागा राहतो."

"जुन्या तारा आहेत," ते म्हणाले. "उतरवताना तुटायच्या."

तार तुटते ती चढवताना, एवढं गाणं मलाही कळतं.