काशीरामाचं मुकं मखर

मांडवीतल्या काशीराम शिवलकराला एक खोड होती. दुरुस्तीला आलेला रेडिओ तो आधी बरा करी, मग आणखी बरा करायला जाई, आणि मग रेडिओ आठवडाभर त्याच्याच मांडीवर. पण माणूस लाख मोलाचा, म्हणून गिऱ्हाइकं रागावत नसत. रागवायचं काम त्याची बायको दमयंती करी, आणि ते ती अगदी मन लावून करी.

पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराची गोष्ट. श्रावण लागला तसा त्याच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. मुंबईहून येणाऱ्या कुणाकडून त्याने उजेड ओळखणाऱ्या, शर्टाच्या बटणाएवढ्या चकत्या मागवल्या. गणपतीच्या मखरापुढे दोन बाजूंना खांबांच्या दोन रांगा उभ्या केल्या. एका रांगेवर बारीक दिवे, समोरच्या रांगेवर चकत्या. किरण चकतीवर पडतोय तोवर सगळं गप्प. मधे काही आडवं आलं की सूर वाजायचा आणि मखरात रंगीत दिवा लागायचा. असे पाच किरण, एकामागे एक. देवाच्या जितकं जवळ जावं तितका सूर चढा. बाहेरचा उजेड नको म्हणून पठ्ठ्याने खिडक्यांना गोणपाटसुद्धा मारलं!

"एवढा खटाटोप कुणासाठी?" दमयंती करवादली.

"बायसाठी," तो म्हणाला.

बाय म्हणजे त्याची थोरली बहीण हौसा. आई गेल्यावर डोक्यावर माशांची पाटी घेऊन गल्लोगल्ली फिरून तिने काशीरामाला वाढवलं. आवाज असा खणखणीत, की पाटी कोपऱ्यावर असतानाच घराघरातली मांजरं उठून बसायची. आरतीत तर तिच्यापुढे झांजांनीही हात टेकलेले. पुढे काचबिंदूने डोळे गेले आणि तिने देवाशीच अबोला धरला. "त्याला मी दिसलं नाय, मग मी त्याच्यासमोर कशाला वाकू?" मिरकरवाड्यातल्या आपल्या घरून ती दोन गणपतींना भावाकडे फिरकली नव्हती. तिच्यावाचूनची आरती काशीरामाला आळणी लागे. यंदा तिला आणायचीच, आणि तिला ऐकू येईल असा देव तिच्यासमोर उभा करायचा, एवढाच ध्यास त्याने घेतला होता.

मखर त्याने कितीदा तरी तपासलं. छाती काढून चालायचा, सूर चढत जायचे, दिवे लागायचे. गोणपाटावरून भांडणारी दमयंतीसुद्धा तोंडाला पदर लावून बघत राहिली.

चतुर्थीला पूजा-आरती उरकली आणि त्याने बटण दाबलं. शेजारचा बाळा पहिला आला. हात जोडले, खांबांच्या अलीकडेच गुडघे टेकले, देवाकडे सरकून कपाळ जमिनीला लावलं, तसाच मागे सरला, उठला. चकार आवाज नाही! मागून आलेल्या सगळ्यांचं तेच. किरण छातीच्या उंचीवर आणि माणसं त्यांच्याखालून. जन्मभर स्वतः गणपतीसमोर लोटांगण घालणाऱ्या काशीरामाच्या हे ध्यानातच आलं नव्हतं.

"जरा ताठ जा की रे," तो बाळाला विनवायला लागला.

"देवासमोर? नाय बा!" बाळा मोदक चघळत म्हणाला. "तुझं मखर मुकं हाय काशीराम, कबूल कर."

दुपारपर्यंत आळीभर झालं, मुकं मखर, मुकं मखर. काशीरामाचं तोंड एवढंसं झालं. किरण खाली घ्यावेत म्हणून त्याने स्क्रूड्रायव्हर उचलला, तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. "देवाला नको भेटूस, मोदक तरी खायला ये," म्हणून त्यानेच बायला राजी केलं होतं. आता काय करणार, कपाळ!

दमयंतीने तिला हाताला धरून आत आणलं. "मी मोदकांपुरती आलंय हां," हौसा उंबऱ्यातूनच म्हणाली. "वाकणार नाय, आधीच सांगतंय."

पण मखरासमोर आल्यावर तिला राहवलं नाही. "केवढा आणलास रे यंदा?" असं म्हणत, ताठ उभी राहून, तिने चाचपायला हात पुढे केला.

खर्जातला सूर घुमला. तिने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. सूर थांबला.

"कोण रे?"

"कोण नाय बाय. हात पुढे ने."

तिने नेला. सूर चढले, हिरवा, पिवळा, तांबडा उजेड तिच्या चेहऱ्यावर आला. हात मागे, सूर खाली. बाळाचा मोदक तोंडातच राहिला. हौसा त्या पाच सुरांत आरतीची चाल शोधायला लागली. सापडेना, तेव्हा तिने तोंडानेच सुरू केली, तोच तो पाटीवालीचा आवाज. दमयंती तर सरळ रडायलाच लागली.

"बोलतोय रे मेला माझ्याशी," हौसा म्हणाली. मग तिने हात जोडले आणि हळूच वाकली.

सगळं गप्प.

"का रे, रुसला काय?"

"बाय, वाकलीस की थांबतं ते," काशीराम म्हणाला. "माझ्या चुकीने ताठ माणसासाठीच झालंय."

हौसाने पदराने डोळे पुसले. "असं? मग मी आपलं उभंच राहतंय!" आणि हात पुढे केला.

काशीरामाने स्क्रूड्रायव्हर खिशात टाकला आणि झांजा काढल्या.