चिंधीसमोरची कतला

बाबनराव हेडाऊंना कन्हानच्या काठावर सगळे वकील म्हणत. शिक्षण दहावी, उभी हयात हिंगण्याच्या एका कारखान्यात लेथवर गेलेली, वडील सक्करदऱ्याला हातमागावर लुगडी विणणारे. वकिलीचा घराण्याशी दूरचाही संबंध नाही. पण कामठीच्या पुढे नदी जिथे वळते तिथे ते बावीस वर्षं दर रविवारी गळ घेऊन बसत आले होते, आणि त्या वळणाचे सगळे कायदे त्यांना तोंडपाठ होते. कायदे कुठे लिहिलेले नव्हते, म्हणून तर ते सांगायला बाबनराव लागत.

कायदे तसे दोन-तीनच. वळणावर पलीकडच्या बाजूला पाणी उथळ आणि दगडच दगड, त्यामुळे डोंगेवाल्यांना आपले डोंगे अलीकडच्या काठाजवळूनच न्यावे लागत. नेमके तिथेच गळवाले ओळीने बसलेले. तर डोंगेवाल्याने आधी लांबून हाक द्यायची, ‘काठी वर!’, आणि वल्हं मारणं थांबवायचं. काठावरच्यांनी आपापल्या काठ्या उंच धरायच्या. मग डोंगा त्या दोऱ्यांखालून आवाज न करता सरकत निघून जायचा. दुसरा कायदा याहून मोठा. कोणी एखाद्या जागी रोज चारा टाकून मासा लावत असेल तर काठावर बेशरमाची फांदी रोवून तिला चिंधी बांधायची. चिंधी आहे तोवर तिच्या समोरच्या पाण्यात डोंग्यातून ना जाळं पडणार, ना गळ.

नागपूरहून महागड्या काठ्या घेऊन येणाऱ्या पोरांना बाबनराव पहिल्याच दिवशी हे ऐकवत. एकदा एकाने हाकेला काठी वर केली नाही, तर बाबनरावांनी त्याला स्वतःच्या डब्यातली वांग्याची भाजी खाऊ घालत अर्धा तास झापलं होतं. माणूस तसा चांगला. फक्त दुसऱ्याच्या चुकीवर बोलताना त्यांचा आवाज जरा भरून यायचा, आणि तो त्यांना स्वतःलाच आवडायचा.

नोव्हेंबरात ते रिटायर झाले. घरी बायको चंद्रकला म्हणाली, आता काय ते तीर्थाला जाऊ. बाबनरावांच्या मनात वेगळंच होतं. बावीस वर्षं काठावरून पाणी पाहिलं, एकदा पाण्यात बसून मासा धरायचा होता. त्यांनी लहानूला विचारलं. लहानू मासेमारी करणाऱ्या ढिवरांचा, डोंग्यावरच वाढलेला, बोलायला कमी. त्याचा हिरवा डोंगा, पुढच्या टोकाला पत्र्याचं ठिगळ, अख्ख्या काठाला ओळखीचा होता.

“न्या ना भाऊ. शनवारी मी पाहाटेच मासे घेऊन बाजारात जातो. डोंगा खुट्याले बांधून ठेवतो,” लहानू म्हणाला. त्याआधी दोन दिवस त्याने त्यांना वल्हं धरायला शिकवलं, मध्ये बसायला शिकवलं. आणि एक गोष्ट सांगितली, “पाण्याकडे नका पाहू जास्त. काठाकडे पाहात जा.”

ही गोष्ट बाबनरावांनी ऐकली आणि सोडून दिली. काठावर बसणाऱ्याची नजर जन्मभर पाण्यावर असते. डोंग्यात बसणाऱ्याला ती उलटी फिरवावी लागते, हे त्यांच्या डोक्यात शिरलंच नाही.

डिसेंबरातला तो शनिवार. धुकं इतकं की वल्ह्याचं टोक दिसत नव्हतं. काठावर चिटपाखरू नव्हतं. बाबनरावांनी एका संथ जागी दगड सोडून डोंगा थांबवला, गळ टाकला आणि पाण्याकडे टक लावून बसले. अर्ध्या तासात दोरी ताणली. पुढची वीस मिनिटं ते देवाचं नावसुद्धा विसरले. शेवटी डोंग्यात येऊन पडली ती कतला, नऊ किलोची, बावीस वर्षांत पाहिली नव्हती अशी. एकटेच मोठ्याने हसले. मग धाप टाकत त्यांनी मान वर केली. तेवढ्यात धुकं थोडं विरळ झालं होतं, आणि पंधरा हातांवर काठावर बेशरमाची फांदी उभी होती, तिला लाल चिंधी.

चिंधी रंभाबाईची होती. म्हातारी आठ दिवस सरकीची ढेप आणि भाजलेली कणीक त्या जागी टाकत होती, हे बाबनरावांना चांगलं ठाऊक होतं. रविवारी तिच्या नातीला, रोशनीला, पाहायला पाहुणे येणार होते. ‘नदीची कतला खाऊ घालीन त्यायले,’ असं तिने साऱ्या काठाला सांगून ठेवलं होतं. गळ ती रविवारी पहाटे टाकणार होती.

मासा अजून जिवंत होता. सोडता आला असता. रंभाबाईच्या दारात नेऊन ठेवता आला असता, चुकलं बाई म्हणून. बाबनरावांनी यातलं काही केलं नाही. त्यांनी डोंगा गुपचूप खुंट्याला बांधला, कतला पोत्यात घातली आणि स्कूटरवरून घर गाठलं. चंद्रकलाने रस्सा केला. एवढा मासा आणून नवरा बढाई मारत नाही, म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे तिने ओळखलं. खोदून विचारल्यावर त्यांनी सांगितलं.

“मंग सांगून टाका ना उद्या तिले,” ती म्हणाली.

“सांगतो ना. उद्या सांगतो,” बाबनराव म्हणाले, आणि त्यांनी दुसऱ्यांदा रस्सा वाढून घेतला. चव फार चांगली होती, हे त्यांना पुढे कितीतरी दिवस छळत राहिलं.

दुसऱ्या दिवशी ते काठावर पोचले तेव्हा भांडण आधीच पेटलं होतं. दूध घालायला जाणाऱ्या जितेंद्रने शनिवारी विरळ होत चाललेल्या धुक्यात चिंधीसमोर हिरवा डोंगा पाहिला होता, पत्र्याच्या ठिगळाचा. आत कोण होतं ते दिसलं नव्हतं, पण ते विचारायची कोणाला गरजही वाटली नाही. रंभाबाई रिकामा गळ हातात घेऊन लहानूसमोर उभी होती. आणि लहानू कोणी परका नव्हता. रोशनीची आई ही लहानूची बहीण. ती गेली तेव्हा रोशनी चार वर्षांची होती. आईकडचं म्हणून पोरीला एवढा एक मामा उरला होता.

“तुह्या भाचीच्या पाहुण्यायसाठी लावलेला मासा तुनं काढला? काहून बोलत नाही? डोंगा तुहा होता का नाही?”

लहानूने एकदाच बाबनरावांकडे पाहिलं. रागाने नाही. नुसतं पाहिलं, आणि थोडा वेळ थांबला. बाबनराव खाली बसून डब्यातलं गांडूळ निवडत होते. ते एक गांडूळ त्यांना काही केल्या सापडत नव्हतं.

“डोंगा माझाच होता,” लहानू म्हणाला.

यात खोटं काही नव्हतं. ढिवरांच्यात डोंगा ज्याचा, त्याच्या डोंग्यातून झालेल्या आगळिकीचं उत्तर त्यानेच द्यायचं असतं. डोंगा कोणाला दिला होता हे सांगत बसणं कमीपणाचं मानतात. हा कायदाही बाबनरावांना पाठ होता.

मग जितेंद्र त्यांच्याकडे वळला. “तुमी सांगा ना वकीलसाहेब. चिंधी मोडणाऱ्याले काय असते?”

आता बोलायला हवं होतं. बाबनराव उठले, घसा साफ केला, आणि बावीस वर्षांच्या सवयीने त्यांच्या तोंडून आलं ते हे, “त्याच्या हाकेले काठी वर होत नाही. पावसाळा येईपर्यंत.”

आवाज भरून आला होता. सगळ्यांना वाटलं, दोस्ताविरुद्ध निवाडा द्यावा लागला म्हणून. रंभाबाई म्हणाली, “आन् माह्याकडून आयक लहानू. पोरीचं लगन झालं तं माह्या मांडवात पाय ठेवजो नोको.”

लग्न जमलं. पाहुण्यांनी बाजारातल्या कोंबडीचा रस्सा खाऊन पोरगी पसंत केली, एप्रिलची तारीख धरली. आणि काठावर निवाडा लागू झाला. रविवारी लहानूचा डोंगा वळणाशी यायचा, तो हाक द्यायचा, ‘काठी वर!’, आणि ओळीतली एकही काठी हलायची नाही. दोऱ्या पाण्यावर तशाच ताणलेल्या. मग लहानू निमूट डोंगा पलीकडे वळवायचा, उथळात उतरायचा आणि दगडांवरून ओढत न्यायचा. पन्नाशीचा माणूस. दगडांवर घासणाऱ्या डोंग्याचा आवाज अलीकडे स्पष्ट ऐकू यायचा. त्या ओळीत बाबनरावांचीही काठी होती. दर रविवारी ते ठरवून यायचे, आज आपण वर करायची. वर केली की लोक विचारतील, काहून? मग सांगायचं. हाक यायची, आणि हात मांडीवरून उचलला जायचा नाही. बावीस वर्षं ज्यांना झापलं ती सगळी तोंडं आजूबाजूला बसलेली असायची. लाज वाटायची ती चोरीची कमी, पकडलं जाण्याची जास्त. आपण इतके भिकार आहोत हे अठ्ठावन्न वर्षांत त्यांना कळलं नव्हतं.

फेब्रुवारीत लहानू दिसेनासा झाला. गोसेखुर्द धरणाच्या पाण्यावर कोणा ठेकेदाराकडे मासेमारीला गेला म्हणाले.

“माणूस गाव सोडून गेला तुमच्या पायी,” चंद्रकला म्हणाली. “आता तरी सांगान, का त्याच्या मयतीले सांगान?” त्या दिवसापासून तिने घरात मासा शिजवणं बंद केलं.

लग्नाला तीन दिवस उरले तेव्हा बाबनराव रंभाबाईच्या अंगणात जाऊन उभे राहिले. मांडवाचे बांबू पडले होते. म्हातारी तांदूळ निवडत होती. त्यांनी उभ्यानेच सगळं सांगितलं, धुक्यापासून निवाड्यापर्यंत. घरी पाठ केलेलं बरंच होतं, त्यातलं अर्धंच आठवलं.

रंभाबाईचे हात सुपात थांबले.

“केवढी होती?” तिने विचारलं.

“नऊ किलो.”

“खाल्ली?”

“हो.”

“गोड लागली?”

बाबनरावांनी मान खाली घातली. “लागली बाई.”

तिने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तिने पदराने हात पुसले, फोन आणायला लावला आणि लहानूला लावला. फोन बंद. ठेकेदाराच्या मुनशीला लावला. तो म्हणाला, टोळी बेटावर मुक्कामाला आहे, तिथे रेंज नाही, सोमवारी नाव परत येईल. लग्न रविवारी. बाबनराव म्हणाले, मी जातो, आत्ता निघतो. गेलेही. बसने, मग कोणाच्या तरी मोटारसायकलवर, काठापर्यंत. पुढे नुसतं पाणी. बेटावर न्यायला नाव मिळाली नाही. शनिवारी दुपारी ते हात हलवत परत आले.

रंभाबाई त्यांना मांडवाच्या दारातच भेटली.

“नाही आला ना?”

“नाही.”

“मंग आयका भाऊ. मंगलाष्टकाच्या टायमाले पोरीच्या मांग मामा लागते. त्याची जागा तुमी खाली केली, आता तुमीच उभे राहा.”

“बाई, माहं तोंड नाही त्या जागेवर उभं राहाचं.”

“म्हणूनच,” ती म्हणाली आणि आत गेली.

रविवारी बाबनरावांना पाटावर बसवलं. कपाळाला कुंकू लावलं, टोपी घातली, खांद्यावर दुपट्टा टाकला. सगळा काठ जेवायला आलेला. रंभाबाईने कोणाला काही सांगितलं नव्हतं. जितेंद्र शेजारच्याला सांगत होता, ऐकू येईल इतक्या मोठ्याने, “पाहा ना, सख्खा मामा असा निघाला, आन् वकीलसाहेब कोष्ट्याचे असून मामा म्हणून उभे राहिले. याले म्हणते माणूस.” दोघा-तिघांनी येऊन हात जोडले. बाबनरावांना ती टोपी काढून फेकावीशी वाटत होती. मंगलाष्टकं सुरू झाली. ते रोशनीच्या मागे उभे राहिले आणि अक्षता टाकायला हात उचलत राहिले. त्यांची मूठ इतकी आवळली होती की तांदूळ सुटत नव्हते.

हार घालून झाले. बॅण्ड वाजायच्या आधी जरा शांत झालं, आणि बाबनराव बोलले. मोठ्याने, सगळ्यांकडे तोंड करून. “जितेंद्र, थांब गा. कतला मी काढली होती. लहानूचा डोंगा त्या दिवशी माह्यापाशी होता. चिंधी मी मोडली, आन् निवाडाही मीच देल्ला.”

कोणी हसलं नाही, कोणी ओरडलंही नाही. जितेंद्र पत्रावळींकडे पाहू लागला. बॅण्डवाल्याला वाटलं आपलीच वाट पाहताहेत, त्याने सुरुवात केली, आणि लोक जेवायला वळले. त्यांच्या आजूबाजूची जागा हळूहळू रिकामी झाली.

रोशनी पाया पडायला वाकली. बाबनराव मागे सरले. “नोको बाई. माह्या नोको पडू. तुह्या मामाचा काही दोष नव्हता.”

“माहीत आहे मले,” रोशनी म्हणाली. “मामा जायच्या आदल्या दिवशीच सांगून गेला होता.”

“मंग तू आजीले काहून नाही सांगतलं, बेटा?”

“त्यानं शपथ घातली. म्हणे, बाबनभाऊ लग्नाच्या आत स्वताच सांगतील, मी ओळखतो त्यायले. त्यायनं सांगतलं का मले बोलाव, मी येतो म्हणे.” तिने मुंडावळ्या बाजूला सारून डोळे पुसले. “फेब्रुवारी पूर्ण त्याचा फोन चालू होता, काका. मार्चही. मी रोज वाट पाहिली.”