प्लास्टरचा किल्लेदार

माझा चुलत भाऊ मानसिंग स्वतःला किल्लेदार म्हणवून घेतो. फौजेत तो स्टोअरला होता. सगळी नोकरी त्यानं चादरी, बूट आणि तुपाचे डबे मोजण्यात घालवली. शत्रू म्हणून त्यानं कुणाला पाहिलं असेल, तर तो ऑडिटला आलेला साहेब. गावात परतल्यावर मात्र त्यानं मिशा वाढवल्या आणि बोलताना छाती पुढं काढायला लागला. पण नुसत्या मिशांनी कुणी किल्लेदार होत नाही, त्याला किल्ला लागतो. तो त्याला एका सिनेमा कंपनीनं दिला.

आमचं गाव माण तालुक्यात, दहिवडीच्या पलीकडं. गावामागं उघडा माळ आहे, तिथं मेंढरं चरतात, दुसरं काही होत नाही. सिनेमाच्या लोकांना नेमका तोच आवडला. त्यांनी बांबूचा सांगाडा उभा केला, त्यावर प्लाय ठोकलं, थर्माकोल चिकटवलं, वरून पीओपी फासलं आणि त्याला काळ्या दगडाचा रंग मारला. हे सगळं भर दिवसा, अख्ख्या गावासमोर झालं. मी एस.टी.तून कंडक्टर म्हणून नुकताच रिटायर झालो होतो, हाताला काम नव्हतं, म्हणून रोज जाऊन बघत बसायचो. चार माणसांनी एक बुरूज खांद्यावर घालून इकडचा तिकडं नेला, तो मी या डोळ्यांनी पाहिला आहे. सिनेमात त्या गडाचं नाव रुद्रकडा. सिनेमाचं नाव मी घेणार नाही, फुकटची जाहिरात कशाला करू?

सिनेमातल्या गडांचा मला मुळातच तिटकारा आहे. आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला गड म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. चढताना छाती भरून येते तो गड. सिनेमातल्या गडावर चढावं लागत नाही, राजा थेट वरच दिसतो. तिथं पाण्याचं टाकं नसतं, धान्याचं कोठार नसतं, शौचकूप तर नसतोच. दरवाजा असा सरळ समोर की हत्तीनं लांबून पळत यावं आणि धडक द्यावी. राणीचा सज्जा तटाच्या बाहेर काढलेला, बहुधा शत्रूच्या सोयीसाठी. मशाली भर दुपारी पेटलेल्या. मोबाईलच्या खेळातले गड त्याच्याही वरताण. तिथं कोपऱ्याकोपऱ्यात सोन्याच्या पेट्या पडलेल्या असतात आणि माणूस तटावरून खाली उडी मारून गुडघासुद्धा न चोळता पुढं पळतो. दिवाळीत पोरं अंगणात मातीचा किल्ला करतात, त्यातला वाघ मावळ्यापेक्षा लहान असतो हे खरं, पण त्या किल्ल्यावर पेरलेला हळीव तरी खरा उगवतो.

शूटिंग संपलं. सेट मोडायला खर्च येतो म्हणून कंपनी तो तसाच टाकून गेली. पाचगणीकडं असता, तर तो गड पहिल्याच आषाढात ओघळून गेला असता. आमच्याकडं पाऊसच नाही, म्हणून टिकला. कंपनीनं राखणीला मानसिंगला ठेवलं होतं; कंपनी गेली तरी राखणदार राहिला. पुढं सिनेमा चालला, त्याचा मोबाईलवर खेळ निघाला, आणि गाड्या भरभरून माणसं रुद्रकडा बघायला यायला लागली. मग काय, आयत्या बिळावर नागोबा! डोक्याला फेटा, कमरेला फौजेचा जुना पट्टा आणि हातात कंपनीवाले विसरून गेलेली लाकडी तलवार.

सुरुवातीला कुणी विचारलं की तो खरं सांगायचा. मग एकदा पुण्याच्या एका बाईचा चेहरा पडला. ते बघून हा म्हणाला, "वरचं शिनेमाचं हाय ताई, पर पाया जुना हाय. आमच्या पूर्वजांचा. कंपनीनं निस्ती डागडुजी केली."

बाईंनी त्या पायाला हात लावून नमस्कार केला. तेव्हापासून 'पाया जुना हाय' हे त्याचं रोजचं झालं. त्या जागी पाया होता, पण तो धुळा धनगराच्या मेंढवाड्याचा.

मी त्याला तोंडावर विचारलं, "मान्या, ह्यो बुरूज मानसांनी खांद्यावर उचलून न्हेलेला मी बघितलाय. तुजं-माजं आजं एकच व्हतं. मग पूर्वज तुलाच कुठनं घावलं?"

"तुला इतिहास कळत न्हाई, तानाजी. त्येला नदर लागती."

गावही त्याच लायकीचं. ज्यांनी पीओपीच्या गोण्या पाठीवर वाहिल्या, तीच माणसं आता टपरीवर चहा विकताना त्याच्या पूर्वजांच्या लढाया सांगतात. तटाच्या देवळीत कंपनीनं थर्माकोलची गडदेवी केली होती. तिला बघता बघता शेंदूर लागला, बांगड्या आल्या, नवस सुरू झाले. मानसिंगची बायको अंजनावहिनी एकदा मला म्हणाली, "भावजी, देवी थर्माकोलची चालंल, पर ह्यास्नी म्हणावं, घरात पानी तेवढं खरं आणा." तिचं तरी कोण ऐकणार?

त्यांची मुलगी क्रांती. ती पाचगणीला फळांच्या कारखान्यात तपासणीला आहे. जॅममध्ये भेसळ सापडली की माल परत पाठवायचा, हे तिचं काम. बापाचा एकही गुण तिनं घेतला नाही, म्हणून मला तिचं कौतुक.

फलटणकडच्या लालासाहेबांनी मानसिंगचा व्हिडिओ पाहिला. बुरुजापुढं उभा राहून तलवार फिरवत असलेला. लालासाहेबांचा ऊस उदंड, बंगला मोठा. कमी एकच होतं, घराणं. तेही त्यांनी एका चित्रकाराकडून करवून घेतलेलं. त्यांच्या दिवाणखान्यात एक मिशाळ सरदार टांगला आहे, त्याचं तोंड लालासाहेबांचं आणि घोडा कॅलेंडरवरचा. बडा घर पोकळ वासा म्हणतात तो हाच. अशा माणसाला किल्लेदाराची मुलगी सून म्हणून मिळणार म्हटल्यावर दुसरं काय पाहिजे? त्यांच्या जयराजसाठी मागणी आली.

मुलगा निर्व्यसनी होता, ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये बसायचा. क्रांती त्याच्याशी दोनदा बोलली आणि तिला तो आवडला. घरी येऊन तिनं माझ्यासमोर बापाला सांगितलं, "आबा, माजी ना न्हाई. पर तुमी त्यास्नी गडाचं खरं काय ते सांगायचं. खोटं सांगून मला त्या घरात धाडू नका. उद्या समदं उघडं पडलं, तर ऐकून मला घ्यावं लागंल."

मानसिंगनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "सांगतो. फौजी मानसाचा शब्द हाय."

सुपारी फोडायची बैठक ठरली. ती घरी घ्यायची सोडून यानं गडावर घेतली. लालासाहेबांच्या पत्नी राजेश्वरीबाईंनी आधीच निरोप धाडला होता: नव्या सोयऱ्यांच्या गडदेवीची ओटी भरायची, नवऱ्या मुलीच्या हातानं पायरीवर नारळ फोडायचा, मगच सुपारी. निरोप ऐकून मानसिंगचं तोंड उतरलेलं मी पाहिलं. दुसऱ्या दिवशी देवळीपुढं शेंदूर फासलेला एक भलामोठा दगड येऊन पडला होता.

पाहुणे आले. गड चढावा लागतच नव्हता, गाडी दरवाजापर्यंत गेली. सोबत जयराज होता, फोटोवाला होता. लालासाहेबांनी तटाकडं मान वर करून बघितलं आणि म्हणाले, "काय बांधकाम हाय हो! शिवकाळातलं आसंल, न्हाई का?"

"त्येच्याबी आदीचं," मानसिंग म्हणाला.

क्रांती त्याच्या मागंच उभी होती. ती एकदम थांबली. मला वाटलं, आता इथंच काही बोलेल, पण ती तशीच देवळीपर्यंत चालत गेली. राजेश्वरीबाईंनी थर्माकोलच्या देवीची खणानारळानं ओटी भरली, भक्तिभावानं डोळे मिटले आणि दुसरा नारळ क्रांतीच्या हातात दिला. "फोड बाळ. तुज्या गडाचा मान हाय."

मानसिंग लगबगीनं पुढं झाला आणि शेंदराच्या दगडाकडं बोट दाखवायला लागला. "हितं, हितं. पायरीवर न्हाई, ह्या दगडावरच फोडायचा रिवाज हाय आमच्यात."

"आबा, ह्यो आपल्या मोरीतला धुण्याचा दगड हाय," क्रांती म्हणाली. आवाज जरासुद्धा चढवला नाही. मग ती पायरीकडं वळली, नारळ दोन्ही हातांनी डोक्याच्या वर नेला आणि अंगात होतं नव्हतं तेवढ्या जोरानं आपटला.

नारळ फुटला नाही. पायरी फुटली. भसकन आवाज झाला, पांढरी धूळ उडाली आणि नारळ आत गेला. भोकातून बांबूचं टोक आणि सुतळी दिसायला लागली. माळावर वारा असतोच; थर्माकोलचे दाणे उडून राजेश्वरीबाईंच्या शालूला चिकटले आणि त्या ते झटकत बसल्या.

मला हसू आलं, अगदी मनापासून. पण क्रांती भोकाला वळसा घालून लालासाहेबांसमोर जाऊन उभी राहिली आणि मी हसू आवरलं.

"पाया जुना न्हाई," ती लालासाहेबांना म्हणाली. "वरचंबी जुनं न्हाई. आमी कुनी किल्लेदार न्हवं. आबा फौजेत स्टोअरला व्हतं. एक चादर कवा इकडची तिकडं केली न्हाई त्यांनी. तेवढंच आमचं घरानं. तेवढ्यावर चालत आसंल तर बोला."

बापाची इतकी चांगली ओळख आजवर कुणी करून दिली नव्हती, त्यानं स्वतःही नाही. मी मानसिंगकडं बघितलं. तो पायरीकडं बघत होता.

लालासाहेब भडकतील, असं मला वाटलं होतं. ते भडकले असते तर मला त्यांच्याबद्दल थोडा आदर वाटला असता. त्यांनी आधी फोटोवाल्याला कॅमेरा खाली घ्यायला लावला, मग घसा खाकरला. "आवं, पायरीचं काय येवढं? भरून घ्या. लग्नाच्या फोटोत दिसली न्हाई म्हंजी झालं. आमी समद्या पावण्यारावळ्यांत किल्लेदार म्हणून सांगून बसलोय, आता मागं कसं घ्यायचं? पोरीनं तेवढं तोंड मिटून ऱ्हायचं."

क्रांतीनं जयराजकडं बघितलं. "तुमचं काय?"

जयराजनं बुटावरची पांढरी धूळ पुसली. "दादा म्हणत्यात तसं," तो बापाकडं बघून म्हणाला. ट्रॅक्टर विकणाऱ्याच्या अंगात नांगराएवढीही ताकद नव्हती.

"मग माजं न्हाई जमायचं," क्रांती म्हणाली.

राजेश्वरीबाईंनी ओटीतला खण तेवढा परत काढून घेतला, देवीला लावलेलं कुंकू राहू दिलं. गाड्या वळल्या आणि धुरळा उडवत निघून गेल्या. जयराज मागच्या सीटवर बसला होता, त्यानं मागं वळून पाहिलं नाही. अंजनावहिनी तोंडाला पदर लावून तटाला टेकायला गेली, मग काही आठवल्यासारखी सरळ उभी राहिली. क्रांती मात्र रडली नाही. तिनं चपला घातल्या, बापाजवळ जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आबा, चला घरला."

मानसिंग गुडघ्यांवर बसला होता. फेटा सुटून खांद्यावर आला होता. त्यानं भोकात कोपरापर्यंत हात घातला होता आणि आतून प्लाय कुठवर मोडलं आहे ते चाचपत होता.

"आबा, मी बोलतिया तुमच्याशी."

त्यानं मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. "तानाजी," तो म्हणाला, "येवढं बुजवायला पीओपी किती लागंल रं? रईवारी मानसं येत्यात."

क्रांती अजून तिथंच उभी होती.