जळगावची खुर्ची

भिकन गेल्याची बातमी धुळ्यात मला त्याच्या बायकोच्या फोनवरून कळली. "भाऊ, गेले हो हे..." मंगलवहिनी एवढंच बोलल्या. जळगाव इथून दोन तासांवर. ते दोन तास मी आधी का काढले नाहीत, हे सांगायलाच आज लिहितोय.

भिकन आरोग्याच्या आकड्यांचा संशोधक, मी रक्त तपासणारा टेक्निशियन. ओळख झाली ती भांडणातून. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात सिकलसेल या रक्ताच्या आजाराची तपासणी करून मी अहवालात शून्य रुग्ण लिहिले होते. निम्मं गाव मजुरीला बाहेर होतं. जे भेटले, त्यांच्यात काही निघालं नाही. या गृहस्थानं मला परत तिथे नेलं आणि माझ्यादेखत एका म्हातारीला विचारलं, "अक्का, तुम्हाला काय वाटतं?" म्हटलं, झालं, आता चुलीपुढे संशोधन! अक्का माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "पोरेस्ना सांधा दुखतस, आनि हाऊ म्हनस काहीच नही?" त्यानं ते लिहून घेतलं, शेजारच्या गावांचे आकडे जोडले. परतताना मला म्हणाला, "आधी अंदाज धरायचा, पुरावा येईल तसा तो हलवायचा. माझं बेझियन संख्याशास्त्र एवढंच. फक्त अंदाज शून्य धरू नये. मग पुरावा कितीही येवो, तो हलतच नाही." लोक परतल्यावर पुन्हा तपासणी केली. रुग्ण निघाले. मला आधी राग आला, मग लाज वाटली, आणि मग आमची गट्टी जमली ती कायमची.

गेल्या वर्षी त्याला कॅन्सर निघाला. दर रविवारी फोन व्हायचा. त्याचं बोलणं आखूड होत गेलं, रक्ताचे रिपोर्ट तो मला पाठवत राहिला. ते वाचण्यातच माझा जन्म गेलाय. तरी तो जाईल असं मी एकदाही मनात येऊ दिलं नाही. "येऊन जा रे एकदा," तो म्हणायचा. मी म्हणायचो, "तू बरा हो, भरीत खायलाच येतो." त्यानं शिकवलेला शहाणपणा सगळा गावच्या अहवालापुरता.

वहिनींचा फोन आला तोच अंत्यविधीनंतर; पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. वहिनींनी मला त्याच्या खोलीत नेलं. खाटेला लागून एक खुर्ची होती. "रोज संध्याकाळी ही इकडे ओढायला लावायचे," त्या म्हणाल्या. "मी म्हणायचे, भाऊ काही आज येत नाहीत. तर म्हणायचे, थोडी तरी शक्यता आहे, राहू दे."

वहिनी चहा टाकायला गेल्या. मला त्या खुर्चीत बसवेना.