एक्क्याऐंशीवरून अठ्ठावन्न

मी गोल्फ शिकले ते केवळ चौथा माणूस कमी पडत होता म्हणून. चंद्रपूरपासून तासाभराच्या अंतरावर आमच्या कारखान्याची कॉलनी होती आणि तिथल्या लॅबमध्ये मी केमिस्ट होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. कॉलनीच्या मागे अधिकाऱ्यांनी झाडोरा साफ करून नऊ होलचं मैदान केलं होतं. पाण्याची बोंब, त्यामुळे होलभोवती हिरवळीऐवजी जळकं ऑइल शिंपडून दाबलेली वाळू. तिला सगळे ‘ब्राउन’ म्हणत. बाजूला साग, मोह आणि त्यांच्यावर वानरं. पांढरा बॉल म्हणजे त्यांना काहीतरी खाऊ वाटे. म्हणून मैदानाचा खास नियम होता, की वानराने बॉल पळवला तर दंड नाही, नवा ठेवून खेळा.

या नियमावर आमच्या विभागाच्या साहेबांचा फार जीव. त्यांचे बॉल वानरं जरा जास्तच पळवायची. साहेब नऊ होल सेहेचाळीस फटक्यांत संपवत आणि सोमवारी लॅबमध्ये येऊन तो आकडा सांगत. मला एक्क्याऐंशी लागत. तोही ते सांगत.

मैदान सांभाळायला एक भाऊ होते. कुरखेड्याकडचे, पन्नाशी उलटलेले. हिवाळ्यात वडशाच्या नाटक मंडळीत हवालदाराचं विनोदी काम करायचे, बाकी वर्षभर आमची वाळू सारखी करायचे. होळीनंतरच्या एका संध्याकाळी मी एकटीच घाम गाळत होते, तेव्हा वाळू ओढायचा दांडा टेकून ते म्हणाले, “बाई, येवढ्या जोरानं काऊन मारून राह्यल्या? साप थोडीच हाय तो!”

मला राग आला. “मग कसं मारू?”

“मले खेळता येत नाई. पन पाहून राह्यलो ना रोज. तुमची ती सगळ्यात लांब स्टिक घरी ठेवा. तिनं मारलेला तुमचा एकबी बॉल मले मैदानात सापडत नाई. सगळे त्या मोहाखाली.”

दुसऱ्या दिवशी लांब स्टिक मी खरंच पलंगाखाली सरकवून आले. मधल्या स्टिकने अर्ध्या ताकदीने मारला. बॉल फार गेला नाही, पण सरळ गेला. मग भाऊंनी मला ब्राउनवर नेलं आणि स्टिक हातातून काढून घेतली. “आता हातानं सोडा.” गोट्या खेळाव्यात तसे अर्धा तास आम्ही दोघं वाळूत उकिडवे बसून बॉल घरंगळवत होतो. किती जोर लावला की किती जातो, ते हाताला कळायला लागलं. त्या दिवशी मोजलं तेव्हा माझंच मला हसू आलं. एक्क्याऐंशीतले निम्मे फटके मी होलपासून दहा पावलांच्या आत वाया घालवत होते!

झाडीत बॉल गेला की मी झाडांमधून थेट होलमधल्या झेंड्याकडे मारत असे. तो खोडावर आपटून आणखी आत जाई. भाऊ म्हणाले, “रस्ता जिकडं जवळ, तिकडं निंगा. आडवं निंगायले लाज कायची?” तेही ऐकलं; आधी आडवा मारून बॉल मोकळ्यावर काढू लागले. महिन्याभरात मी साठ फटक्यांच्या आसपास आले.

एप्रिलच्या शेवटी वार्षिक सामना होता आणि चिठ्ठ्यांमध्ये माझी गाठ साहेबांशी पडली. आदल्या दिवशी मी भाऊंना गाठलं. “भाऊ, उद्या तुम्ही झेंडा धरायला आमच्याबरोबर या. आणि साहेबांचे फटके मोजा. जरा मोठ्यानं.”

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मिशीत हसले. “किती मोठ्यानं?”

“हवालदारासारखं.”

सकाळी मोहफुलांचा सडा पडला होता. चार होल निमूट गेले. पाचव्याला साहेबांचा बॉल झाडीत शिरला. साहेब मागोमाग शिरले. आतून ठक्क असा आवाज आला आणि लगेच भाऊंचा खणखणीत आवाज मैदानभर घुमला, “साहेबांचा दोऽऽन!” पुन्हा ठक्क. “साहेबांचा तीऽऽन!” पलीकडच्या होलवरची चौकडी थांबून पाहू लागली. “साहेबांचा चाऽऽर!” शेवटी साहेब बाहेर आले, कपाळाला सागाचं पान चिकटलेलं.

“वानरानं नेला होता,” ते म्हणाले.

“नाई साहेब, वानरं आज तळ्याकडं हायेत,” भाऊ नम्रपणे म्हणाले.

त्यानंतर एकही वानर फिरकलं नाही. माझे अठ्ठावन्न झाले, साहेबांचे त्रेसष्ट.

सोमवारी साहेबांनी आकडा सांगितला नाही. दुपारी मला आणि भाऊंना केबिनमध्ये बोलावलं. माझं काही नाही, भाऊंची रोजी जाईल अशी भीती वाटली. साहेबांनी भाऊंना विचारलं, “कोणी सांगितलं होतं तुला ओरडायला?”

“कोन सांगल, साहेब? नाटकात काम करतो. मले हळू बोलताच येत नाई.”

आता मला राहवेना. “मी सांगितलं होतं, सर. भाऊंचा काही दोष नाही.”

साहेब आमच्याकडे आळीपाळीने पाहत राहिले. मग खुर्चीत मागे रेलून माझ्याकडे वळले. “तुमचे एक्क्याऐंशीचे अठ्ठावन्न कसे झाले?”

“भाऊंनी शिकवलं.”

“याला तर खेळताच येत नाही!”

“नाई येत,” भाऊंनी कबूल केलं. “पन साहेब, तुमाले सांगू? तुमी मारायच्या आधीच मान वर करता. बॉल गेला कुठी ते पाहाची लई घाई तुमाले. पाह्याचं काम माह्यावर सोडा.”

मग साहेबांनी कोपऱ्यातली छत्री उचलली, टेबलामागे पाय फाकून उभे राहिले आणि मान खाली घातली. “अशी?”

“आनखी खाली,” भाऊ म्हणाले.

तेवढ्यात सह्यांची फाईल घेऊन लॅबमधला शिपाई आत आला. छत्री उगारून जमिनीकडे पाहणारे साहेब आणि त्यांच्या मानेवर हात ठेवून उभे असलेले भाऊ बघून तो फाईलसकट माघारी वळला. मी हसू दाबायला ओठ चावत खिडकीबाहेर बघत होते.